गोष्टी सांगत घासलेला आरसा: सहा इंची दुर्बिणीच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

एकदाचं काम सुरू झालं. सहा इंची दोन जाड काचेच्या चकत्या आहेत. खालची टूल (जिच्यावर घासायचं ती), वरचीचा आरसा होणार. मध्ये थोडं पाणी आणि ८० नंबरची कार्बोरंडम पावडर (काच घासायची कडक, जाडसर पूड), आणि मग वरची काच पुढे-मागे पुढे-मागे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुनं लोखंडी पिंप वाळू भरून उभं केलंय, त्यावर फळी, फळीवर तीन ठोकळ्यांमध्ये टूल अडकवलेलं, आणि आपण पिंपाभोवती हळूहळू प्रदक्षिणा घालत घासायचं म्हणजे सगळ्या बाजूंनी सारखं लागतं. वरची काच टूलच्या कडेवरून बाहेर जाते तेव्हा तिच्या मधल्या भागावर जास्त दाब पडतो, म्हणून वरची खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. पहिल्यांदा करणाऱ्याला हे पटतच नाही, आपण तर सपाट काचेवर सपाट काच घासतोय ना.

फोकल लेंथ (आरशापासून प्रतिमा पडते तिथपर्यंतचं अंतर) १२०० मिमी ठरवली. मधोमध खोली हवी फक्त १.१७ मिमी. 'बस एवढंच?' असं सगळे म्हणाले. घासा मग, कळेल.

टीममध्ये एक रिटायर्ड टूलरूमवाले काका, बारावीतली एक मुलगी, दोन इंजिनिअरिंगची पोरं आणि मी. काम कंटाळवाणं आहे म्हणून नियम केला की ज्याच्या हातात काच नाही त्याने गोष्ट सांगायची, आणि ती दुर्बीण बनवणाऱ्यांची हवी, नुसतं बघणाऱ्यांची नको. म्हणून गॅलिलिओ कटाप असं मी जाहीर केलं तर बारावीवाली लगेच भांडायला आली, की तो स्वतः भिंगं घासायचा. आणि तिचं बरोबरच आहे. १६०९ च्या नोव्हेंबरमध्ये त्याला आलेल्या एका पत्राच्या मागच्या बाजूला त्याने खरेदीची यादी लिहून ठेवलीय, ती अजून टिकून आहे. त्यात तोफेचे दोन गोळे (भिंगाला गोलाई द्यायला), कथलाची ऑर्गनची नळी, घासलेली जर्मन काच, आरशाचे तुकडे, पॉलिशची पावडर, पिच (डांबरासारखी राळ), आणि त्याच यादीत मसूर, पांढरे छोले, तांदूळ, मनुका, साखर, मिरी, लवंग, साबण, संत्री आणि पोरासाठी चपला-टोपी. म्हणजे गुरूचे चंद्र सापडायच्या दीड-दोन महिने आधी हा माणूस किराणा आणि दुर्बिणीचं सामान एकाच फेरीत आणत होता. आमची यादी पण काही वेगळी नाहीये, कार्बोरंडमच्या खाली 'येताना कोथिंबीर' लिहिलंय.

१६ नोव्हेंबर

८० नंबर चालूच. आवाज एवढा होतो की वरच्या मजल्यावरून विचारणा झाली. पावडर ताजी असताना खरखर जोरात येते, मग ती बारीक होत जाते आणि आवाज बसतो, तेव्हा पुसायचं, नवीन पावडर, परत. याला ग्रुपमध्ये 'एक वेट' म्हणतात.

आज लिपरशेची गोष्ट सांगितली. हॉलंडमधल्या मिडलबर्ग गावचा चष्मेवाला. २ ऑक्टोबर १६०८ च्या सुमाराला त्याने सरकारकडे पेटंट मागितलं, लांबचं जवळ दिसतं अशा नळीचं. सरकारने काय केलं तर म्हणाले दोन्ही डोळ्यांनी बघता येईल असं करून दे. त्याने करून दिलं, पैसे चांगले मिळाले, पेटंट मात्र नाही मिळालं, कारण तोवर आल्कमारचा मेटियस म्हणून आणखी एकजण तेच घेऊन आला होता आणि समितीचं मत पडलं की ही गोष्ट आता बऱ्याच जणांना माहितीय. लहान मुलं दुकानात भिंगांशी खेळत होती आणि त्यातून शोध लागला ही जी गोष्ट सगळीकडे सांगतात तिला मला काही आधार दिसला नाही, म्हणून ती आमच्याकडे बाद.

काकांचं म्हणणं, ज्या वस्तूची रचना एका वाक्यात सांगता येते तिचं पेटंट कोण देणार. दोन भिंगं आणि एक नळी.

२४ नोव्हेंबर

स्फेरोमीटर (खोली मोजायचं यंत्र) लावला. खोली १.१ च्या जवळ आली, आता ८० नंबर थांबवायचा आणि १२० घ्यायचा (नंबर जितका मोठा तितके कण बारीक). सगळं धुवायचं, म्हणजे सगळंच, फळी, बादली, नखं, बाह्या. ८० चा एक कण जरी पुढच्या पावडरीत आला तरी ओरखडा.

धुता धुता न्यूटन. १६६८ मध्ये त्याने जी पहिली आरशाची दुर्बीण केली ती सहा इंच लांब होती, आरसा सव्वा इंचापेक्षा जरासाच मोठा, तांबं-कथिलाच्या मिश्रधातूचा. ३५-४० पट मोठं दिसायचं. पोरांना वाटतं न्यूटन म्हणजे कागद-पेन, पण ह्या माणसाने मिश्रधातू स्वतः ओतला, आरसा स्वतः घासला, नळी स्वतः केली. म्हातारपणी त्याच्या भाचजावयाने विचारलं की हत्यारं कुठून आणलीत, तर म्हणाला स्वतःच बनवली, दुसऱ्यांनी हत्यारं करून द्यायची वाट बघत बसलो असतो तर काहीच झालं नसतं. आमच्या काकांना हे वाक्य एवढं आवडलं की त्यांनी ते खडूने पिंपावर लिहिलं.

पण याच्या आधी पाच वर्षं, १६६३ मध्ये, स्कॉटलंडच्या जेम्स ग्रेगरीने आरशांच्या दुर्बिणीचं डिझाइन छापलं होतं. डिझाइन उत्तम, आजही चालेल असं. लंडनच्या नावाजलेल्या भिंगवाल्याकडे गेला, त्याला काही तसा आरसा घासता आला नाही, आणि ग्रेगरीने स्वतः घासायचा नाद केला नाही. संपलं. गणित त्याचं आधीचं, पण डोळा लावून बघता येणारी पहिली दुर्बीण न्यूटनची, कारण त्याचे हात काळे व्हायला तयार होते. माझं तर आता मत बनलंय की दुर्बिणीचा सगळा इतिहास या फरकावर चालतो, कल्पना खूप जणांना सुचते, काच कोण घासतो ते महत्त्वाचं.

अर्थात न्यूटनचा तो आरसा फार काही चांगला नव्हता, लवकर काळा पडायचा, आणि पुढची पन्नासेक वर्षं कोणी त्याच्या वाटेला फारसं गेलंच नाही. मग १७२१ मध्ये जॉन हॅडली. आरसा सहा इंची, आमच्याइतकाच! फोकल लेंथ साधारण ६२ इंच. रॉयल सोसायटीने तो ब्रॅडली आणि पाउंड या खगोलशास्त्रज्ञांना तपासायला दिला, त्यांनी ह्युजेन्सच्या भिंगाशी तुलना केली, ज्याची फोकल लेंथ होती १२३ फूट. एकशे तेवीस फूट! त्याला नळीच नव्हती, भिंग उंच खांबावर आणि बघणारा खाली दोरी ताणून. हॅडलीची दुर्बीण जवळपास त्याच्या बरोबरीची ठरली, आणि ती एका माणसाला हलवता येत होती. हॅडलीचे दोन भाऊ घासायला मदतीला होते, त्यातला जॉर्ज म्हणजे व्यापारी वाऱ्यांचं स्पष्टीकरण देणारा हॅडली, भूगोलात ज्याचं नाव येतं तो. एका घरात पिंपाभोवती अशी माणसं.

३० नोव्हेंबर

२२० वर आलो. आज गोष्ट एकच, पण तिच्यावर दोन तास भांडण झालं म्हणून सविस्तर लिहितो.

न्यूटन म्हणाला होता की भिंगाच्या दुर्बिणीत जे रंग फाकतात ते जाणारच नाहीत, म्हणून आरसा वापरा. त्याच्या नावाचा दबदबा एवढा की लोकांनी ऐकलं. एसेक्सचा एक वकील, चेस्टर मूर हॉल, त्याने ऐकलं नाही. १७३० च्या आसपास त्याच्या डोक्यात आलं की दोन वेगळ्या जातींच्या काचा, क्राउन आणि फ्लिंट, एकमेकींना चिकटून ठेवल्या तर एकीने फाकवलेले रंग दुसरी गोळा करेल. आता भिंगं कोणाकडून करून घ्यायची? कोणाला कळू नये म्हणून या हुशार माणसाने एक भिंग एका दुकानात दिलं, दुसरं दुसऱ्या दुकानात. स्कार्लेट आणि मान, दोघेही लंडनमधले नावाजलेले. दोघांनाही काम जास्त होतं. दोघांनीही ते खाली एकाच कारागिराकडे दिलं, जॉर्ज बास. बासने बघितलं, दोन्ही भिंगांचे माप एकमेकांना बरोब्बर बसतंय, आणि दोन्ही ऑर्डरचा मालक एकच. त्याने जोडून बघितलं. झालं.

टूलरूमवाले काका खुर्चीतून उठून हसले. म्हणाले आमच्याकडे पण पार्ट्या ड्रॉइंग तोडून तोडून चार शॉपला द्यायच्या, कोणाला पूर्ण जॉब कळू नये म्हणून, आणि चारही शॉपचं हार्डनिंग एकाच भट्टीत व्हायचं.

हॉलने पुढे काहीच केलं नाही. बासकडून हे जॉन डॉलंडच्या कानावर गेलं. डॉलंड आधी रेशीम विणणारा, मुलाच्या चष्म्याच्या धंद्यात उतरलेला. त्याने स्वतः प्रयोग केले, १७५८ मध्ये पेटंट घेतलं. तो १७६१ मध्ये वारला, मग पोरगा पीटर पेटंट घेऊन लंडनच्या सगळ्या चष्मेवाल्यांच्या मागे लागला. त्यांनी अर्ज केला की हा शोध याच्या बापाचा नाहीच, हॉलचा आहे. १७६६ मध्ये चॅम्पनीज नावाच्या एकावर खटला झाला, आणि न्यायाधीशाने मान्य केलं की हो, हॉल आधीचा, पण ज्याने शोध टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवला त्याला फायदा मिळणार नाही, ज्याने लोकांपुढे आणला त्याला मिळेल.

भांडण असं: बारावीवाली म्हणते हे अन्यायाचं आहे, शोध त्याचा तो त्याचाच. इंजिनिअरिंगवाला म्हणतो हॉलला पैशांची पडलीच नव्हती, मग तक्रार कोणाची? आणि काका म्हणतात बासचं काय, ज्याने खरं तर भिंगं घासली, त्याचं नाव कुठल्या पेटंटवर आहे? यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. मी काकांच्या बाजूने.

८ डिसेंबर

३२० झाला, आता ६००. काच आता दुधी दिसते, तिरकस धरली की खिडकीचं प्रतिबिंब यायला लागलंय. काम कमी, गोष्ट पण छोटी.

जेम्स शॉर्ट, एडिंबराचा, नंतर लंडनला. आयुष्यात साधारण १३७० दुर्बिणी बनवल्या, जवळपास सगळ्या धातूच्या आरशांच्या, ग्रेगरीच्याच डिझाइनच्या, आणि त्या काळातल्या सर्वोत्तम. आरशाला नेमका पॅराबोला (सगळा प्रकाश एका बिंदूत आणणारा खोलगट आकार) कसा आणायचा हे त्याने कोणालाच सांगितलं नाही. १७६८ मध्ये गेला, जाण्याआधी अवजारं मोडून टाकवली असं सांगतात. पैसा भरपूर कमावला, माणूस वाईट नव्हता, पण मला त्याचा राग येतो. पुढच्यांना परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

१४ डिसेंबर

पिचचा दिवस, म्हणजे पॉलिशसाठी टूलवर राळेचा थर चढवायचा. राळ मंद आचेवर वितळवली, त्यात एरंडेल तेल थोडं थोडं घालत गेलो. कडकपणा बघायचा तर थेंब पाण्यात टाकायचा आणि नखाने दाबायचा, खूण हळूहळू उमटली पाहिजे, पटकन उमटली तर मऊ, तुकडा उडाला तर कडक. पुण्यात सकाळी १२ डिग्री आणि दुपारी २८, त्यामुळे सकाळी बरोबर वाटलेलं पिच दुपारी ओघळतं. टूलवर ओतलं, ओल्या आरशाने दाबलं, ब्लेडने चौकोन कापले. पार्किंगमध्ये देवळातल्या धुपासारखा वास, एक आजी येऊन विचारून गेल्या काय पूजा आहे का.

पिचवर पॉलिश करायची युक्ती न्यूटनने वापरली होती आणि लिहूनही ठेवली, साडेतीनशे वर्षं झाली, अजून त्याला पर्याय नाही. पिच दाबलं की आरशाचा आकार घेतं आणि पॉलिश करताना घट्ट राहतं, हे दोन्ही एकाच वेळी करणारं दुसरं काही हाताशी येत नाही.

आज हर्शल काढावाच लागला. विल्यम हर्शल, हॅनोव्हरचा, इंग्लंडमध्ये बाथ गावात चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, शिकवण्या घ्यायचा, दिवसाला सात-आठ शिकवण्या. १७७३ मध्ये दुर्बीण विकत घ्यायला गेला, किंमत ऐकली, आणि ठरवलं आपणच करू. गावातल्या एकाने हा छंद सोडला होता, त्याचं सगळं सामान उचललं. मग घराचा कारखाना झाला. दिवाणखान्यात सुतार, एका खोलीत लेथ, आणि बहीण कॅरोलाइन, जी गायिका व्हायला आली होती, ती घोड्याची लीद खलात कुटून चाळणीने चाळतेय. साचा लिदीचा असायचा, कारण ओतताना त्यातून वाफ बाहेर जाते आणि साचा तडकत नाही. बारावीवालीला हे भयंकर वाटलं. काका म्हणाले फाउंड्रीत अजून शेण-माती चालते की.

१७८१ च्या ऑगस्टमध्ये त्याने तळघरात तीन फुटी आरसा ओतायला घेतला. पहिला आरसा थंड होताना तडकला. दुसऱ्या वेळी भट्टीच्या बुडालाच गळती लागली आणि पाचशे पौंडांहून जास्त वितळलेला धातू फरशीवर. दगडी फरशीत ओल असते, ती गरम झाली आणि फरशा फटाफट उडायला लागल्या, छताला जाऊन लागल्या. हर्शल, त्याचा भाऊ, भट्टीवाले, सगळे दाराकडे पळाले, आणि हर्शल विटांच्या ढिगावर जाऊन कोसळला. आणि हे सगळं युरेनस सापडल्यानंतर! १३ मार्च १७८१ ला त्याने त्याच घराच्या बागेतून युरेनस शोधला होता, सव्वासहा इंचापेक्षा किंचित कमी आरशाने. म्हणजे परत आमच्याच मापाचा. पोरं एकदम सरळ बसली.

२१ डिसेंबर

सिरियम ऑक्साइडने (पॉलिशची पावडर) पॉलिश. गुलाबीसर पाणी सगळीकडे. मधला भाग चमकायला लागला, कड अजून दुधी. हे बरोबर आहे, कड शेवटी येते.

कॅरोलाइनची गोष्ट राहिली होती. एकदा सात फुटी दुर्बिणीचा आरसा पूर्ण करताना हर्शलने सोळा तास हात काढला नाही. धातूचा आरसा, पॉलिश मध्येच थांबवलं तर आकार बिघडायचा. कॅरोलाइनने त्याच्या तोंडात घास घास भरवले आणि कादंबऱ्या वाचून दाखवल्या. ती गोष्ट सांगणारे नेहमी इथेच थांबतात, भावाची सेवा वगैरे. ते मला खटकतं. हीच बाई पुढे १७८६ पासून स्वतः धूमकेतू शोधत होती, आणि १७८७ पासून तिला राजाकडून वर्षाला ५० पौंड पगार होता. बारावीवालीने ही ओळ स्वतःच्या हाताने भिंतीवरच्या चार्टवर लिहिली, पगारासकट.

हर्शलच्या चाळीस फुटी दुर्बिणीचा आरसा ४८ इंची होता, राजाने ४००० पौंड दिले. नळी जमिनीवर पडलेली असताना तिसरा जॉर्ज राजा आर्चबिशपला घेऊन आला आणि म्हणाला, या, तुम्हाला स्वर्गाचा रस्ता दाखवतो, आणि दोघे नळीतून चालत गेले. पण ती दुर्बीण त्रासदायकच होती, आरसा काळा पडायचा, दव पडायचं, इतका जड की वाकायचा. हर्शलला कामाची वाटायची ती वीस फुटी. मोठ्याची हौस आणि कामाचं माप यात फरक असतोच.

२८ डिसेंबर

काच विकत आणताना दुकानदाराने 'बुडबुडे आहेत थोडे, चालतील ना' विचारलं होतं. आरशाला चालतात, प्रकाश आतून जातच नाही. भिंगाला नाही चालत. यावरून फ्राउनहोफर.

बापाचा धंदा काचेचा, अकराव्या-बाराव्या वर्षी आईबाप गेले, म्युनिकमध्ये आरसे-काच करणाऱ्या मालकाकडे उमेदवारी. मालक त्याला शाळेत जाऊ द्यायचा नाही, रात्री वाचू द्यायचा नाही. २१ जुलै १८०१ ला ते घरच कोसळलं. मालकीण गेली, पोरगा ढिगाऱ्याखालून जिवंत निघाला. बघायला खुद्द बव्हेरियाचा राजा (तेव्हा पदवी इलेक्टर) मॅक्स जोसेफ आला होता, त्याने १८ डुकाट (सोन्याची नाणी) दिले. पोराने त्यात काच घासायचं यंत्र घेतलं आणि उमेदवारीची उरलेली वर्षं विकत घेऊन सुटला. चौदा वर्षांचं पोर!

काच मिळाली ती एका स्विस माणसाकडून, ग्विनां. घड्याळांच्या पेट्या करणारा सुतार. फ्लिंट काचेत शिरा राहतात ही सगळ्यांची डोकेदुखी, कारण वितळलेलं शिसं खाली बसतं. याने भट्टीतली काच उष्णतेत टिकणाऱ्या भाजक्या मातीच्या दांड्याने ढवळायला सुरुवात केली. बाकीचे लाकडाने किंवा धातूने ढवळायचे, ते जळायचं किंवा काचेत रंग सोडायचं. एवढीच युक्ती. बेनेडिक्टबॉयर्नच्या रिकाम्या झालेल्या मठात दोघे एकत्र आले, जमलं नाही, १८१४ मध्ये ग्विनां परत गेला. त्याच्या पोराकडून ही युक्ती फ्रान्समध्ये बोंतां नावाच्या माणसाकडे, आणि १८४८ च्या क्रांतीत बोंतां पळून बर्मिंगहॅमच्या चान्स ब्रदर्सकडे. बर्मिंगहॅमच्याच काचेतून पुढे अमेरिकेत क्लार्कने साडेअठरा इंची भिंग घासलं. एक ढवळायचा दांडा चार देश फिरला.

फ्राउनहोफरला काचेचा अपवर्तनांक (काच प्रकाश किती वाकवते तो आकडा) अचूक मोजायचा होता, त्यासाठी रंगपट्टीत ठराविक खुणा हव्या होत्या. सूर्याच्या पट्टीत त्याला काळ्या रेषा दिसल्या, त्याने ५७४ रेषांची नोंद केली. तारे कशाचे बनलेत हे शोधायचं दार तिथे उघडलं, आणि त्याला फक्त आपली काच नीट मोजायची होती. ३९ व्या वर्षी क्षयाने गेला.

४ जानेवारी २०२५

फूको टेस्ट, म्हणजे आरशाचा आकार तपासायचा दिवस! जिन्याखालच्या खोलीत आरसा स्टँडवर, २४०० मिमीवर एलईडी आणि बारीक चीर, बाजूला दाढीचं ब्लेड. ब्लेड हळूच सरकवलं की आरसा एकसारखा राखाडी व्हायला हवा, तर मध्यभागी टेकाड आणि कडेला उतार दिसला. म्हणजे काचेत खरं टेकाड काही मायक्रॉनच्या दहाव्या-विसाव्या हिश्शाचं, पण दिसतं असं की हात लावला तर लागेल.

मग मी पोरांना ती जुनी गंमत दाखवली. आरशावर अंगठा पाच सेकंद टेकवला, काढला, आणि परत बघितलं. अंगठ्याच्या जागी फुगवटा! हाताच्या उबेने काच फुगली ते डोळ्याने दिसतंय. बारावीवालीने तीनदा करून बघितलं, प्रत्येक वेळी फुगवटा विरघळेपर्यंत थांबली.

हे फूकोने १८५८-५९ च्या सुमाराला काढलं, लंबक टांगणारा तोच. त्याच्या आधी आरसा बरोबर आहे का हे बघायला लांबवर छापील मजकूर किंवा घड्याळाची तबकडी ठेवून बघायचे, चूक आहे कळायचं पण नेमकी कुठे ते नाही. शॉर्टने जे गुपित ठेवलं ते या माणसाने ब्लेड आणि मेणबत्तीवर आणून सगळ्यांसमोर ठेवलं. शिवाय धातू सोडून काचेवर चांदी चढवायचं पण त्यानेच (आणि जर्मनीत स्टाइनहाइलने) सुरू केलं, म्हणजे आरसा काळा पडला की चांदी धुवायची, काच तशीच.

११ जानेवारी

आज टेस्ट नुसती थरथरत होती, पॉलिशने गरम झालेला आरसा लगेच बघितला म्हणून. दोन तास थांबलो.

थांबताना हूकर दुर्बीण, १०० इंची, अमेरिकेतलं माउंट विल्सन. १९१७ च्या नोव्हेंबरमध्ये पहिल्या रात्री गुरूवर रोखली तर एकावर एक बसलेल्या सहा-सात प्रतिमा. ती उभारणाऱ्या हेलचा चेहरा पडला. कामगारांनी दिवसा घुमट उघडा ठेवला होता, ऊन आरशावर. पहाटे परत आले, व्हेगा तारा बघितला, नीट टिंब. त्या काचेत पण बुडबुडे होते म्हणे, आरसा घासणारा ती वापरायलाच नको म्हणत होता. आमचा दुकानदार हे ऐकून खूश होईल.

१९ जानेवारी

गोल आकार जमला. आता त्याला पॅराबोला करायचं, म्हणजे मधून पाव मायक्रॉनच्या आसपास जास्त खोल. लांब स्ट्रोक, थोडेसे, धुवा, थांबा, टेस्ट. मधल्या आणि कडेच्या झोनच्या (आरशावरच्या गोल पट्ट्यांच्या) रीडिंगमध्ये साधारण एक मिमी फरक यायला हवा. हिशोब केला तर मजा म्हणजे मध्यापासून कडेपर्यंतचा पूर्ण फरक १.१७ मिमी येतो, खोलीचाच आकडा, दोन्हीचं सूत्र एकच निघालं.

तिळगूळ अजून उरलाय, तो खात बर्नहार्ड श्मिट. एस्टोनियाच्या नाइस्सार बेटावरचा, पंधराव्या वर्षी बंदुकीच्या दारूचा प्रयोग करताना उजवा हात गेला. एका हाताने आरसे घासायचा, आणि यंत्राने घासायला तयार नव्हता. १९३० मध्ये हँबर्गजवळ बेर्गेडोर्फला त्याने आकाशाचा रुंद भाग एका फोटोत घेणारा कॅमेरा केला. त्याला एक पातळ काच लागते, इतक्या विचित्र वळणाची की घासून आणणं अशक्य. त्याने काय केलं, काच एका भांड्यावर ठेवली, भांड्यातली हवा ओढली, काच वाकली, तशीच घासली. मग हवा सोडली. काच सरळ झाली आणि पाहिजे तो आकार आपोआप उमटला. यंत्र नाही, गणित काचेकडूनच करून घेतलं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, 'हा माणूस आमच्या टूलरूमला हवा होता.'

२६ जानेवारी

झेंडावंदन झाल्यावर थोडंच काम. कडेचा झोन जरा जास्त उतरलाय, छोट्या स्ट्रोकने आणतोय.

कोणीतरी विचारलं की आपल्या पुण्यात काही होतं का. होतं की! डब्लिनच्या दुर्बीणवाल्या ग्रबची वीस इंची आरशाची दुर्बीण, १८८८ मध्ये, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (आताचं इंजिनिअरिंग कॉलेज), भावनगरच्या महाराजांच्या नावाची वेधशाळा. त्या वेळी देशातली सगळ्यात मोठी. चालवायचे कावसजी दादाभाई नायगमवाला. १८९८ च्या खग्रास ग्रहणाला ते जेऊरला गेले होते, सोलापूरच्या लाइनवरचं जेऊर. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली, दुर्बीण कोडाईकनालला गेली, पुढे लडाखपर्यंत. इंजिनिअरिंगवाला त्याच कॉलेजात शिकतो, त्याला हे माहितीच नव्हतं, म्हणाला उद्या जाऊन कुठे होती ती जागा शोधतो.

२ फेब्रुवारी

झोन सगळे मर्यादेत. अजून हात लावू नका असं काकांनी बजावलं, चांगलं झालेलं बिघडायला दहा मिनिटं पुरतात.

आरसा बाजूला ठेवून प्लायवुड कापायला घेतलं, खोका डॉब्सनचा. जॉन डॉब्सन, जन्म १९१५ बीजिंग, आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत सोसायटीचा साधू, म्हणजे आपल्या रामकृष्ण मठाच्या परंपरेतला. मठात त्याने जहाजाच्या खिडकीची जाड काच मिळवून आरसा घासला, नळी पुठ्ठ्याची. चंद्र बघितला आणि त्याला वाटलं हे सगळ्यांनी बघितलं पाहिजे. दुर्बीण चाकांवर ढकलत मठाबाहेर, शेजारच्या पोरांना दाखवायला. वरिष्ठांना ते पसंत नव्हतं, मग पत्रात सांकेतिक भाषा. दुर्बीण म्हणजे जेरेनियमचं रोप, नळीत बसवली की कुंडीतलं जेरेनियम, आरशाला अॅल्युमिनियम चढलं की जेरेनियम फुललं. १९६७ मध्ये मठातून काढून टाकलं. मग १९६८ पासून फुटपाथवर. त्याच्या माउंटला (दुर्बीण धरून फिरवायच्या स्टँडला) लागतं काय, लाकडाचा खोका, टेफ्लॉनचे तुकडे आणि जुनी ग्रामोफोनची तबकडी. पेटंट घेतलंच नाही.

आमच्या ग्रुपच्या चॅटवर तेव्हापासून आरशाला जेरेनियमच म्हणतात. जुनी तबकडी एका काकूंनी द्यायचं कबूल केलंय, भावगीतांची आहे, आधी वाजवून बघू असं त्यांनी बजावलंय.

९ फेब्रुवारी

आरसा अॅल्युमिनियम चढवायला दिला. वर्तमानपत्रात नाही, धुतलेल्या सुती कापडात आणि डब्यात. फोकल लेंथ शेवटी ११९४ मिमी आली, म्हणून नळी कापायची थांबवली होती ती आता कापायला हरकत नाही.

राहिलेलं: नळीला आतून काळा मॅट रंग. दुय्यम आरशाची (नळीत तिरका बसतो तो छोटा) तिपाई, काका पितळेत करणार आहेत. फोकसर (डोळ्याजवळचं भिंग पुढे-मागे सरकवायची नळी) विकत घ्यायचा की पीव्हीसी पाइपचा करायचा यावर वाद चालूय, न्यूटनचं वाक्य पिंपावर असल्यामुळे विकतवाल्यांची बाजू कमजोर आहे. पिंपातली वाळू काढू नका, बारावीवालीची परीक्षा झाली की तिला आठ इंची करायचाय.

चार्टवर जॉर्ज बासचं नाव लिहायचं राहिलंय, ते कोणीतरी लिहा.